उरवलेल्या दोन काचा

आमच्या लॅबच्या फ्रिजमध्ये, दाराच्या वरच्या कप्प्यात, माझ्या नोकरीची शेवटची बारा-तेरा वर्षं कायम एक अंडं असायचं. त्याच्याशेजारी हिंदीत चिठ्ठी चिकटवलेली होती, ‘यह खाने का नहीं है’. नवीन आलेल्या पोरी हसायच्या. लॅबमध्ये अंडं कशाला, आणि तेही माझ्यासारख्या बाईच्या ताब्यात, जिनं जन्मात आम्लेट तोंडात घातलं नाही. मी त्यांना ‘कामाचं आहे’ एवढंच सांगायची. पुरतं उत्तर लांब होतं आणि त्यात माझी चूक होती. आता रिटायर होऊन बसले आहे. ज्या माणसापासून ती चूक लपवली ते माणूसही गेलं. तेव्हा सांगून टाकते.

भिलाईत नोकरी म्हटलं की लोक समजतात कारखान्यात. मी कारखान्यात नव्हते. नवरा रेल्वेत, घर दुर्गला बोरसीत, आणि माझी नोकरी कॅम्प-१ च्या बाजाराला लागून असलेल्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये. पॅथॉलॉजी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘म्हणजे रक्त-लघवी?’ नाही हो. रक्त-लघवी खालच्या मजल्यावर. मी वरच्या मजल्यावर, तुकड्यांच्या खात्यात. माणसाच्या अंगातून डॉक्टर जो तुकडा काढतात, गाठ असो, पित्ताशय असो की सुईनं काढलेली दोऱ्याएवढी कातळी असो, तो आमच्याकडे येतो. तो फॉर्मेलिनमध्ये मुरवायचा, मेणात बसवायचा, आणि मग मशीनच्या पात्यावर इतका पातळ कापायचा की कांद्याची आतली पापुद्रीसुद्धा त्याच्यापुढे जाड वाटेल. ते काप कोमट पाण्यावर सोडायचे आणि काचेच्या पट्टीवर अलगद उचलायचे. पुस्तकी भाषेत स्लाइड, आम्ही नुसती काच म्हणायचो. काच रंगवली की डॉक्टर दुर्बिणीत बघून सांगतात, साधं आहे की वाईट आहे.

तुकडा नीट येईल तर ना. एक गृहस्थ बायकोची गाठ घेऊन आले. डॉक्टरांनी ‘फॉर्मेलिनमध्ये घालून न्या’ म्हटलं होतं, यांनी ऐकलं फिनाईल. बरणी उघडली तर सगळी लॅब धुतलेल्या संडासासारखी दरवळली. वर मलाच म्हणतात, ‘ताई, चांगल्या कंपनीचं घातलं आहे.’ मी त्यांना असं झापलं की बिचारे जिन्यावरच बसले. मग वाईट वाटलं आणि चहा पाजला. माझा स्वभाव असाच, आधी जीभ चालते.

आणि दुसरा स्वभाव पुरवून वापरायचा. माहेर गोंदियाचं, आठ भावंडं. आईनं एका काडीत तीन दिवे लावलेले पाहिले आहेत. लॅबमध्ये माझ्याएवढी कमी नासाडी कुणाची नव्हती. दुसरे एका तुकड्याचे पाच काप काढतील तिथं मी दहा काढायची आणि पाच बिनरंगाचे उरवून डबीत ठेवायची. आमचे अटेंडंट साहूकाका, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, कबीरपंथी, गळ्यात तुळशीची कंठी, मला चिडवायचे, ‘दीदी तो घर में नमक भी गिन के डालत होही.’ मला ते ऐकायला आवडायचं. डॉक्टर नायर मॅडमही पाहुण्यांना सांगायच्या की आमच्या ताई टिश्यू वाया जाऊ देत नाहीत. त्याच गुणानं मला दगा दिला.

छत्तीसगड वेगळं व्हायच्या आधीचे, मध्य प्रदेशाचे दिवस होते, नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. नायर मॅडम मुंबईहून नवीन रंग शिकून आल्या. साध्या रंगात पेशीचा आकार दिसतो. या नव्या रंगात पेशीच्या पोटात अमुक एक पदार्थ आहे की नाही ते दिसायचं. मला त्यांनी समजावलं तसं सांगते. अँटिबॉडी म्हणजे एकच पदार्थ ओळखणारं प्रथिन. ती कापावर घातली की आपला पदार्थ शोधून तिथं जाऊन बसते. पण ती डोळ्याला दिसत नाही. म्हणून तिच्यावर दुसरी अँटिबॉडी बसवायची, आणि या दुसरीला बायोटिनचं शेपूट बांधलेलं असतं. बायोटिन म्हणजे एक ब जीवनसत्त्व. आता गंमत अशी की कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यात ॲव्हिडिन नावाचं प्रथिन असतं, त्याला बायोटिन दिसलं की ते असं धरतं की सोडतच नाही. धुवा, घासा, काही करा. गवतातून चाललं की लुगड्याला कुसळं लागतात ना, तसं. एकेका ॲव्हिडिनला बायोटिन धरायच्या चार जागा. त्यातल्या एक-दोन जागांवर रंग उमटवणारं द्रव्य आधीच अडकवलेलं असतं. म्हणजे जिथं पदार्थ तिथं अँटिबॉडी, तिथं बायोटिन, तिथं ॲव्हिडिन, आणि तिथं तपकिरी रंग. तपकिरी दिसलं की पदार्थ आहे.

पण तपकिरी खरं की खोटं हे ठरवायला एक काच जास्तीची लावायची असते. तिच्यावर पहिली अँटिबॉडी घालायचीच नाही, बाकी सगळं तसंच करायचं. ती कोरी राहिली पाहिजे. राहिली तर रंग खरा. तिला निगेटिव्ह कंट्रोल म्हणायचं.

ही औषधं नागपूरहून बर्फाच्या थर्मासमध्ये यायची, बोटभर बाटलीत. मी नेलपॉलिशनं कापाभोवती गोल काढायची, म्हणजे थेंब पसरू नये. रंगाच्या आधी काचा उकळाव्या लागायच्या, त्यासाठी मॅडमनी तीन लिटरचा कुकर आणला होता. एक शिट्टी आणि वर तीन मिनिटं. शिट्टी झाली की खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडायचंच, ‘दीदी, भात झाला का?’

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी वासुदेवभाऊ आले. सेक्टर २ मध्ये राहायचे, कारखान्यात क्रेन चालवायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे. भिलाईतल्या मराठी मंडळात हळदीकुंकवाला मी जायची, म्हणून घरची ओळख. पोटात उजवीकडे दुखत होतं, सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसली होती. सुईनं काढलेल्या तुकड्याची बाटली त्यांनी स्वतःच रुमालात गुंडाळून आणली. माझ्या टेबलावर ठेवली आणि उभेच राहिले.

‘बसा ना भाऊ.’

‘बसत नाही. ताई, मले खरं सांगजा. डॉक्टर लोकं घरच्यायले सांगतात अन् माणसाले नाही सांगत.’

‘रिपोर्ट मॅडम देतात, मी नाही.’

‘तुम्ही तं पाहाल ना. असं आहे, वंदना बी. एस्सी. करून राहिली. दुसरं वर्ष आहे. तिले पुढं रायपूरले एम. एस्सी. कराची आहे. तिकडं तुमसरचे पाहुणे दोन वर्षांपासून मागून राहिले तिले. मी आजवर ढकलत आलो. पण माह्यंच काही खरं नसलं, तर मंग तिचं लगन उरकून टाकतो. बाप असेपर्यंत पोरीचं झालेलं बरं.’

मी म्हटलं, होईल सगळं नीट. असं म्हणायची आमच्या धंद्यात बंदी असली पाहिजे.

साध्या रंगात मॅडमना ठरवता येईना. यकृताच्या पेशी बिथरल्यासारख्या दिसत होत्या. कॅन्सर म्हणावं तर पुरेसं नाही, नाही म्हणावं तर धीर होत नाही. मागच्या वर्षी भाऊंना मोठा ताप येऊन गेला होता, गावठी डॉक्टरची औषधं झाली होती, तेव्हा यकृतात गळू झालं असेल तर त्याची जुनी खूण असंही असू शकत होतं. मॅडम म्हणाल्या, नव्या रंगानं बघू. यकृताच्या कॅन्सरात एक पदार्थ बऱ्याचदा सापडतो, तो आहे का बघू.

तुकडा दोऱ्याएवढा. पातं लावलं तेव्हा माझ्या हाती मोजून पाच काप आले, मग मेणात काही उरलंच नाही. दोन साध्या रंगाला गेले. तीन राहिले. एकावर अँटिबॉडी घालायची. दुसरा खरं तर त्याच तुकड्याचा निगेटिव्ह कंट्रोल म्हणून लावायचा. पण पुढे मॅडमनी आणखी काही मागितलं तर? मुंबईला पाठवायची वेळ आली तर? माझ्याकडे दुसऱ्या रोग्यांच्या टॉन्सिलच्या काचा ढिगानं पडल्या होत्या. मी निगेटिव्हला टॉन्सिलची काच लावली आणि भाऊंचे दोन काप उरवले. शिट्टी झाली, तीन मिनिटं झाली, रंग घातला. भाऊंची काच तपकिरी झाली. अगदी दणदणीत तपकिरी. टॉन्सिलची कोरी राहिली.

मॅडमनी विचारलं, ‘इसी टिश्यू का निगेटिव्ह लगाया?’

‘टॉन्सिल का लगाया मॅडम. एकदम साफ है.’

त्यांनी पुन्हा दुर्बिणीत पाहिलं. ‘ठीक है,’ म्हणाल्या आणि लिहायला घेतलं.

रिपोर्ट न्यायला वंदना आली. सडपातळ, दोन वेण्या, हातात प्रॅक्टिकलची वही. पाकीट तिनं तिथंच उघडलं. वाचलं. रडली नाही. पुन्हा वरून वाचलं आणि मला विचारलं, ‘मावशी, कंट्रोल लावला होता ना?’

बी. एस्सी.ची पोरगी, तिला माहीत होतं काय विचारायचं ते. मी म्हटलं, ‘लावला होता.’

खोटं नव्हतं ते. कशाचा लावला ते तिनं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. खरं म्हणजे मला रागच आला होता, एवढीशी पोर मला कामाचं विचारते म्हणून. तिनं पाकीट वहीत ठेवलं आणि गेली. आठवड्याभरात ऐकलं की तुमसरला होकार गेला. परीक्षा संपली की लग्न.

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी यकृताचा दुसरा तुकडा आला. मॅडमनी सांगितलं की या वेळी अपघातात गेलेल्या एका माणसाच्या निरोगी यकृताची जुनी काच पण सोबत लावा, तुलनेला. मी लावली. निगेटिव्हला नेहमीसारखा टॉन्सिल होताच, पण या वेळी डबीत निरोगी यकृताच्या दोन काचा निघाल्या म्हणून एकीवर अँटिबॉडी घातली आणि एकीवर नाही. काचा धुऊन साहूकाकांनी उन्हाकडे धरल्या.

‘दीदी, ये तो सब के सब भूरा होगे.’

सगळ्या नाही. टॉन्सिल कोरा होता. पण निरोगी यकृताच्या दोन्ही काचा तपकिरी होत्या. अँटिबॉडी न घातलेलीसुद्धा. मी काकांच्या हातातून ती काच घेतली आणि स्टुलावर बसले.  समजायला पुस्तक लागत नव्हतं. जिथं शोधणारंच कुणी पाठवलं नाही तिथं सापडलं कसं?

मॅडमनी काच बघितली. सरळ कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेल्या आणि मुंबईच्या आपल्या सरांना फोन लावला. मी बाहेर उभी. परत येऊन मला सांगितलं ते असं. यकृत बायोटिन साठवून ठेवतं. ते त्याचं स्वतःचं असतं. कुकरमध्ये उकळलं की ते उघडं पडतं. मग ॲव्हिडिनला काय, त्याला बायोटिन हवं, शेपटाचं आहे की यकृताचं हे ते बघत नाही. धरून बसतं. टॉन्सिलमध्ये बायोटिन जवळपास नसतं, म्हणून टॉन्सिल कोरा. म्हणजे माझ्या त्या कंट्रोलनं यकृताबद्दल काही सांगितलंच नव्हतं.

उपायही सरांनी सांगितला होता, आणि तो स्वयंपाकघरातला होता. आधी कापावर अंड्याचा पांढरा भाग पाण्यात कालवून घालायचा. त्यातलं साधं, बिनरंगाचं ॲव्हिडिन यकृताच्या बायोटिनवर जाऊन बसतं. पण त्याच्या चार जागांपैकी काही रिकाम्या राहतात, म्हणून मग वरून मलई काढलेलं दूध. दुधातलं बायोटिन त्या जागा भरून टाकतं. मग नेहमीचा रंग करायचा.

चाळिशी उलटल्यावर मी आयुष्यातलं पहिलं अंडं विकत घेतलं. कॅम्प-१ च्या बाजारात दुकानदार म्हणाला, ‘बस एक?’ मी डब्यात रुमालावर ठेवून आणलं. साहूकाकांनी डबा बघितला आणि मागे सरले. त्या फ्रिजमध्ये त्यांची ताकाची बाटली असायची. मी त्यांना सगळं सांगितलं, भाऊंचं, वंदनाचं, टॉन्सिलचं. जगात ते मी फक्त त्यांनाच सांगितलं होतं. त्यांनी कंठीला हात लावला. मग म्हणाले, ‘अंडा ला मैं हाथ नई लगाव दीदी. दूध मैं लाहूँ.’ आणि घरून स्वतःच्या गायीचं दूध आणलं, दोनदा मलई काढून. ताकाची बाटली त्या दिवसापासून खिडकीत गेली. चिठ्ठी पण त्यांनीच लिहिली, कुणी चुकून खाऊ नये म्हणून.

आता भाऊंचे ते दोन उरवलेले काप. मी डबी उघडली. एकावर अँटिबॉडी, एकावर नाही. अंडं, दूध, रंग. दोन्ही कोऱ्या. मॅडमनी तासभर पाहिल्या. तपकिरीचा ठिपका नव्हता. जुन्या गळवाची भरत आलेली खूण होती ती. सहा महिन्यांनी सोनोग्राफीत गाठ आकसलेली दिसली, तेव्हा पक्कंच झालं.

नवा रिपोर्ट घेऊन मॅडम स्वतः सेक्टर २ ला गेल्या. मी सोबत. लग्नाला आठ दिवस राहिले होते. पुढच्या खोलीत पाहुण्यांसाठी गाद्या रचलेल्या, कोपऱ्यात बांगड्यांचे डबे. मॅडमनी हिंदीत, स्पष्ट, सांगितलं, ‘गलती लॅब की है. साइन मेरा है, इसलिए गलती मेरी है.’ भाऊंची बायको सुमनवहिनी देवापुढं जाऊन डोकं टेकून रडायला लागल्या.  मी तेव्हा बोलायला हवं होतं, की सही मॅडमची असेल पण काच मी उरवली. माझी जीभ, जी कुणालाही झापते, ती हलली नाही.

वंदना आतल्या दारात उभी होती. तिनं वडलांना विचारलं, ‘बाबा, रिपोर्ट बदलला, मंग लगन कावून नाही बदलत?’

भाऊ माझ्याकडं वळले. तिच्याकडं बघायची हिंमत नसावी. ‘पत्रिका वाटून झाल्या ताई. आता लोकायले काय सांगू, मी मरून नाही राहिलो म्हणून?’

कुणी हसलं नाही. वंदना आत गेली. आठव्या दिवशी तिचं लग्न झालं. मी गेले होते, अक्षता टाकल्या, जेवलेही. तुमसरच्या लोकांनी तिसरं वर्ष पूर्ण करू देऊ म्हटलं होतं. ते राहूनच गेलं.

त्यानंतर माझ्या हातून रोग्याच्या स्वतःच्या तुकड्याचा कंट्रोल लावल्याशिवाय एकही काच गेली नाही. तुकडा कितीही लहान असो. शेवटचे दोन काप असतील तर दोन्ही लावायची, उरवायची नाही. नवीन पोरींना त्यासाठी मी इतकं बोलले आहे की त्या मला घाबरायच्या. मॅडमनी मला त्या टॉन्सिलबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

वासुदेवभाऊ त्यानंतर वीसेक वर्षं जगले. रिटायर झाले, नातवंडं खेळवली, दिवाळीला न चुकता लॅबमध्ये, आणि मी रिटायर झाल्यावर घरी, अनारसे पाठवायचे. ‘ताईनं वाचवलं मले,’ असं लोकांना सांगायचे. मी गप्प बसून ते अनारसे खाल्ले, दरवर्षी. गेले ते हृदयविकारानं, झोपेत.

तेरवीला मी सेक्टर २ ला गेले. वंदना तुमसरहून आलेली. केस पांढरे व्हायला लागलेले, अंगानं भरलेली, हातात पळी. जेवणं उरकल्यावर मागच्या अंगणात ती भांडी लावत होती. मी तिच्याजवळ गेले आणि एका दमात सांगितलं. ‘वंदना, तू तेव्हा विचारलं होतंस कंट्रोल लावला का. लावला होता, पण टॉन्सिलचा. बाबाच्या तुकड्याचा लावायला हवा होता. माझ्याजवळ काचा होत्या. मी नाही लावल्या. नवा रिपोर्ट मग त्याच काचांवर झाला.’

तिनं पातेलं खाली ठेवलं. इतक्या वर्षांनी का सांगता, असा प्रश्न तिनं विचारला नाही. प्रॅक्टिकलची वही घेऊन आली होती तशीच माझ्याकडं बघत होती.

‘किती काचा होत्या?’

‘दोन.’

‘मंग उरवल्या कावून?’

‘पुढं लागतील म्हणून.’

 तिनं पातेलं उचललं, बाकीच्या भांड्यांवर पालथं घातलं, आणि म्हणाली, ‘लागल्याच ना मावशी.’